मशेरी लावता का?

“तंबाखू खाता का?” असं विचारलं की गावाकडची बाई बहुधा ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तंबाखू खातात ते पुरुष, चुना लावून, मळून. ती फक्त दात घासते. सकाळी एकदा, जेवणं आवरल्यावर एकदा, रात्री अंथरुणावर टेकण्याआधी एकदा.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. माझ्या आजोळी ती भाजायला घेतली की घरभर ठसका उठायचा आणि आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. भाजून पान कुरकुरीत होतं, बोटांनी चुरता येतं, पण त्यातलं निकोटिन काही सगळं जळून जात नाही. हिरड्यांवर चोळलं की तिथल्या नाजूक आवरणातून ते थेट रक्तात उतरतं. दुखरा दात घटकाभर शांत होतो, जरा तरतरी येते. सवय लागते ती अशी.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत एक लाखावर माणसांची तोंडं तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मशेरी लावणाऱ्या बायका ३९ टक्के निघाल्या, पुरुष ०.८ टक्के. इतकं फक्त बायकांचं झालेलं दुसरं व्यसन मला तरी माहीत नाही.

गरोदरपणावरचं मोलाचं काम मुंबईत झालं. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या, त्यातही मुख्यतः मशेरी लावणाऱ्या, आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. १०५ ग्रॅम म्हणजे फार नाही असं वाटेल. पण सरासरीत टोकाची बाळं झाकली जातात. ३२ आठवड्यांच्याही आत प्रसूत होण्याची शक्यता या स्त्रियांमध्ये जवळपास पाचपट दिसली. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या विश्लेषणात बाळ पोटातच दगावण्याचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला. मशेरी लावणारी बाई बऱ्याचदा गरीबही असते, मग हा दोष गरिबीचा कशावरून नाही? ही शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी शिक्षण, घरची परिस्थिती, आईचं वजन यांचा हिशेब वेगळा करून पाहिला. फरक तरीही उरलाच.

विडी-सिगारेटमध्ये कार्बन मोनॉक्साइडही असतो, त्यामुळे बाळाला नेमकं काय बाधतं हे वेगळं काढणं अवघड जातं. मशेरीत धूर नाही. त्यामुळे संशयाची सुई निकोटिनकडे वळते: ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि वारेतून बाळापर्यंतही पोचतं.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्यापर्यंत यातला एकही कायदा जात नाही.

सोडायचं म्हटलं की बायका सांगतात, “लावल्याबिगर परसाकडं होत नाही.” याला मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं मला फार अन्यायाचं वाटतं. निकोटिन आतड्यांची हालचाल खरोखरच वाढवतं. ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि मग ओसरतं. हे आधी सांगून ठेवलं तर ती घाबरून पुन्हा डबी उघडणार नाही. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी फुकट सल्लाही मिळतो.

पण त्याआधी तपासणीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला नाव घेऊन विचारायला हवं: मशेरी लावता का? आणि ती ‘हो’ म्हणाली, तर दिवसातून किती वेळा, हेही तिच्या कार्डावर लिहायला हवं. कारण मुंबईच्या त्या अभ्यासात जितक्या जास्त वेळा मशेरी, तितका बाळाचा धोका जास्त होता.