पार्श्वभूमी : मुंबई आंदण देणारं घराणं

पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न झालं आणि मुंबई आंदणात गेली, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वाक्य बरोबरच आहे. पण 'राजकन्या' म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या सिंहासनावर बसलेलं घराणं डोळ्यांपुढे येतं, आणि तिथे गफलत होते. कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा जन्मली ती सरदाराच्या घरात, २५ नोव्हेंबर १६३८ रोजी, स्पेनच्या सरहद्दीकडच्या व्हिला व्हिसोझा गावातल्या वाड्यात. तिचे वडील जुआंव तेव्हा ब्रॅगांझाचे आठवे ड्यूक होते आणि पोर्तुगालवर राज्य होतं स्पेनच्या राजाचं. तिला दोन वर्षं पूर्ण होऊन आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा, १ डिसेंबर १६४० रोजी, लिस्बनमध्ये उठाव झाला आणि वडील राजे झाले. मुंबईचा व्यवहार कळायचा तर या नव्या राजपदामागचं जुनं घराणं पाहायला हवं.

घराण्याचा मूळ पुरुष आफोंसो. हा राजा पहिला जुआंव याचा अनौरस मुलगा. गंमत म्हणजे हा राजासुद्धा त्याच्या बापाचा अनौरसच मुलगा होता, त्यामुळे नावं ठेवायला फारशी जागा नव्हती. आफोंसोचं नशीब उघडलं ते सोयरिकीने. १४०१ मध्ये त्याचं लग्न नुनो आल्वारेस परेराच्या एकुलत्या एक मुलीशी, बियात्रिसशी झालं. शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या (म्हणजे पुढच्या स्पेनच्या) फौजेला १३८५ मध्ये आल्जुबारोटाच्या रणात धूळ चारणारा सेनापती तो हाच नुनो. राजाने त्याच्यावर जमिनींची आणि किताबांची खैरात केली होती. पुढे तो सगळं सोडून लिस्बनच्या मठात कार्मेलाइट साधू झाला आणि दौलतीचा मोठा वाटा लेक, जावई, नातवंडांकडे गेला. आफोंसोला ब्रॅगांझाची ड्यूकी मिळाली १४४२ मध्ये.

इतकं मोठं झालेलं सरदारघराणं राजाच्या डोळ्यांवर येणारच. तिसरा ड्यूक फर्नांदो याच्यावर कॅस्टिलशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून दुसऱ्या जुआंवने १४८३ मध्ये एव्होराच्या चौकात त्याचं मुंडकं उडवलं. मालमत्ता जप्त झाली, मुलंबाळं कॅस्टिलमध्ये पळाली. पुढचा राजा मॅन्युएल हा त्या मुलांचा सख्खा मामा, म्हणून सगळं परत मिळालं. भाचा जाइमे चौथा ड्यूक झाला आणि त्यानेच १५०१ मध्ये व्हिला व्हिसोझाचा वाडा बांधायला काढला. आज दिसणारा, जवळच्याच खाणींतल्या संगमरवराने मढवलेला शंभर मीटरहून लांब दर्शनी भाग नंतरच्या ड्यूकांचा. पण याच वाड्यात १५१२ साली जाइमेने बदफैलीच्या संशयावरून आपल्या बायकोला भोसकून मारलं. ती स्पेनच्या मेदिना सिदोनिया या बड्या घराण्यातली लिओनोर दे गुझमान. तिच्याच मुलापासून वंश पुढे चालला. हे गुझमान घराणं लक्षात ठेवावं, ते परत येणार आहे.

मॅन्युएल म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत वास्को द गामा कालिकतला पोचला आणि अल्बुकर्कने गोवा घेतला तो. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईबरोबर मुंबईची बेटं दिली ती मॅन्युएलच्या मुलाच्या, तिसऱ्या जुआंवच्या राजवटीत. या तिसऱ्या जुआंवचा धाकटा भाऊ दुआर्ते, आणि दुआर्तेची मुलगी कातारिना ब्रॅगांझांकडे सून म्हणून आली. सिंहासनावरचा खरा हक्क आला तो हिच्यामार्फत.

१५८० मध्ये राजवंश संपला, तेव्हा प्रश्न उभा राहिला: गादी मॅन्युएलच्या मुलीच्या मुलाला द्यायची की मुलाच्या मुलीला? मुलीचा मुलगा होता स्पेनचा दुसरा फिलिप, मुलाची मुलगी ही कातारिना. वंशशास्त्राने तिची बाजू भक्कम होती, पण फिलिपकडे फौज आणि चांदी होती. शिवाय ब्रॅगांझांची उमेद खचलेली होती. दोन वर्षांपूर्वी मोरोक्कोतल्या आल्कासेर किबीरच्या लढाईत त्यांचा दहा वर्षांचा वारस तेओदोझिओ कैद झाला होता. फिलिप जिंकला. साठ वर्षांनी बंडवाल्यांना राजा हवा झाला, तेव्हा याच तेओदोझिओचा मुलगा त्यांनी गादीवर बसवला. कातारिना म्हणजे कॅथरीनची पणजी.

आईकडची बाजू तर याहून रंगतदार. आई लुइसा त्याच गुझमानांची, मेदिना सिदोनियाच्या आठव्या ड्यूकची मुलगी. लुइसाचे आजोबा, सातवे ड्यूक, १५८८ मध्ये इंग्लंड जिंकायला निघालेल्या स्पॅनिश आरमाराचे सेनापती. म्हणजे पणजोबांना जो किनारा गाठता आला नाही, तिथे पणती राणी होऊन उतरली! आईची आई स्पेनच्या सर्वसत्ताधीश मंत्र्याची, लेर्माच्या ड्यूकची मुलगी, आणि लेर्माची आई बोर्जा घराण्यातली. त्या वाटेने वर चढत गेलं की थेट पोप सहाव्या अलेक्झांडरपर्यंत पोचतो. लंडनच्या प्रॉटेस्टंट मंडळींना राणीच्या कॅथलिकपणाचा इतका राग होता. ही वंशावळ कुणी रस्त्यात वाचून दाखवली असती तर काय झालं असतं कोण जाणे.

एवढं थोर रक्त असूनही १६६१ मध्ये घराण्याची अवस्था बिकट होती. स्पेनच्या लेखी ते बंडखोर सरदार होते, पोपने राज्याला मान्यता दिलेली नव्हती, आणि स्पेनशी केलेल्या १६५९ च्या तहात फ्रान्सनेही उघड पाठिंबा काढून घेतला होता. कॅथरीनचे वडील जुआंव वारले होते, कारभार लुइसाच्या हाती होता. तिला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स जावई म्हणून हवा होता आणि त्यासाठी ती वाटेल ते द्यायला तयार होती: मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजिअर बंदर, मुंबई, व्यापाराच्या सवलती आणि वीस लाख क्रुझादो, म्हणजे पोर्तुगीज नाणी. पैशाची निम्मीच बाजू कशीबशी उभी राहिली, तीही बरीचशी साखर, जवाहीर आणि हुंडीच्या कागदांच्या रूपात. लग्न २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथला लागलं.

गोव्याचा कारभारी आंतोनियो दे मेलो कास्त्रो मुंबई सोडायला राजी नव्हता. इंग्रज तिथे बसले की हिंदुस्थान हातचा जाईल, असं त्याने लिस्बनला कळवलं आणि फेब्रुवारी १६६५ पर्यंत चालढकल केली. तिकडे इंग्लिश पलटणी पोर्तुगालसाठी लढत होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये स्पॅनिशांनी व्हिला व्हिसोझालाच वेढा घातला, तेव्हा जवळच्या मोंतेस क्लारोसच्या निर्णायक लढाईतही त्या होत्या. अखेर १३ फेब्रुवारी १६६८ रोजी, इंग्रजांच्याच मध्यस्थीने, स्पेनने ब्रॅगांझांचं राज्य मान्य केलं. त्यानंतर दीड महिन्याने, २७ मार्चला, चार्ल्सने बायकोच्या आंदणातली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.