पत्राच्या आधीची गोष्ट

१८९५ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील पत्रकार संघाचे अध्यक्ष जेम्स जॅक्स यांनी इंग्लंडमध्ये लिंचिंगविरोधी काम करणाऱ्या फ्लॉरेन्स बाल्गार्नी यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीय स्त्रिया म्हणजे वेश्या, चोर आणि खोटारड्या, असा सरसकट शेरा त्यात होता. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या जोसेफिन सेंट पियर रफिन यांनी ते पत्र ठिकठिकाणच्या कृष्णवर्णीय महिला मंडळांकडे धाडलं आणि जुलैत परिषद बोलावली. वर्षभरातच 'नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन' उभी राहिली.

संघटनेचा इतिहास बहुतेक वेळा या पत्रापासून सांगतात. त्यामुळे सगळं श्रेय उगाच जॅक्सच्या पदरात पडतं. पत्र धाडायला मंडळं आधीच होती, आणि त्यामागे टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात घडलेली एक घटना होती.

मार्च १८९२ मध्ये मेंफिसच्या तुरुंगातून कृष्णवर्णीय दुकानदार थॉमस मॉस आणि त्यांच्या दोन साथीदारांना जमावाने ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या. भांडणाचं मूळ एवढंच, की त्यांच्या किराणा दुकानाने एका गोऱ्या दुकानदाराची गिऱ्हाइकं तोडली होती. मॉस यांची मैत्रीण, पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी लिंचिंगमागची खरी कारणं छापली, तर त्यांच्या वृत्तपत्राचं कार्यालयच फोडण्यात आलं. ऑक्टोबरात न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्यांच्यासाठी सभा भरवून ५०० डॉलर जमवले. या धावपळीतूनच तिथे 'विमेन्स लॉयल युनियन' निघाली.

मे १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लेसी खटल्यात गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरवले. जुलैत वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचे दोन महासंघ एक होऊन ही राष्ट्रीय संघटना झाली, तेव्हा एकेकाळी गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या वृद्ध हॅरिएट टबमन हजर होत्या आणि वेल्स तान्ह्या बाळाला घेऊन आल्या होत्या. पहिल्या अध्यक्ष झाल्या मेरी चर्च टेरेल. त्याही मूळच्या मेंफिसच्या, आणि मॉस त्यांचे लहानपणापासूनचे मित्र.

पुढे बालवाड्या, पाळणाघरं, मुलींसाठी निवारे अशी कामं सुरू झाली. 'चढता चढता इतरांना वर उचलू' हे ब्रीद आज जरा वरून बोलल्यासारखं वाटतं. पुढाऱ्यांत शिक्षिका आणि सुखवस्तू घरच्या बायका होत्या, आणि धुणी-भांडी करणाऱ्यांना त्या शिस्तीचे धडे देत. पण शिक्षण आणि प्रतिष्ठा त्यांच्या स्वतःच्या तरी कितपत कामी आली? १९०० मध्ये मिलवॉकीला गोऱ्या स्त्रियांच्या महासंघाने रफिन यांना त्यांच्या कृष्णवर्णीय मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही. गोऱ्या स्त्रियांच्या ज्या संस्थांत त्या सदस्य होत्या, त्यांच्या वतीने बसा, असं सुचवण्यात आलं. रफिन यांनी साफ नकार दिला.