शोधगंगा की शोधगंगोत्री?

नाशिकात कुणी ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणालं की तो गोदाघाटावर निघालेला असतो, हरिद्वारला नाही. पीएचडीच्या मुलांचा नावावरून असाच घोळ शोधगंगा आणि शोधगंगोत्रीत होतो. दोन्ही साइट गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राच्या, दोन्ही फुकट. पण शोधगंगेवर पुरे झालेले प्रबंध असतात आणि गंगोत्रीवर मुख्यतः नोंदणीच्या वेळचे सिनॉप्सिस, म्हणजे नियोजित संशोधनाचे आराखडे. आपल्या हिशेबानं एक रामकुंड, दुसरी गोदावरीच्या उगमाची ब्रह्मगिरी.

समजा विषय आहे लासलगाव बाजार समितीतले कांद्याचे भाव. शोधगंगेवर प्रबंध सापडला तर आकडे, निष्कर्ष, सगळं प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये मिळतं. बहुतेक जण थेट ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’चं, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण उघडतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. ते उचलायचा मोह आवरा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालून जातं, हा भाग वेगळा. खरी अडचण अशी की 2012 च्या प्रबंधातला आढावा 2012 लाच थांबतो. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी त्याला कुठून माहीत असणार? त्या प्रकरणातली वाक्यं सोडा, मागची संदर्भसूची घ्या आणि मूळ लेख स्वतः वाचा.

शोधताना नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग ‘एच’ घालून आणि ‘एच’ गाळून, दोन्ही तऱ्हांनी टाका. जुन्या कागदांत ‘नासिक’ सर्रास आहे. पुणे विद्यापीठाचं नावही 2014 मध्ये बदललं, तेव्हा जुनं नावही टाकून बघा. आणि प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची झाली ती 2009 च्या नियमांनी. त्याआधीचं काम साइटवर नसेल तर पुण्याची एसटी धरून विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय गाठावं लागतं.

गंगोत्रीवरच्या सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टं, गृहीतकं, पद्धत एवढंच. निष्कर्ष नसतात, कारण काम व्हायचंच असतं. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीनं अशाच एका सिनॉप्सिसमधलं गृहीतक आपल्या आढाव्यात ‘असे आढळून आले आहे’ म्हणून लिहिलं होतं. आढळलं काहीच नव्हतं. तो सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बिचाऱ्यानं तोवर लासलगावात पाऊल तरी टाकलं होतं की नाही, देव जाणे.

मग ती साइट बघायची कधी? आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे विषय नेण्याआधी, तो दुसऱ्या कुणी धरलाय का ते पाहायला. तिथं काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, प्रत्येक सिनॉप्सिस तिथं पोहोचतोच असं नाही. आणि दिसलाच तुमचा विषय, तर लगेच हातपाय गाळू नका. त्याचा कालखंड आणि पद्धत वाचा. त्यानं लिलावातले भाव घेतले असतील, तर तुम्हाला शेतकऱ्यांच्या कांदाचाळी मोकळ्या आहेत.