फ्लॅट दोघांच्या नावावर, पैसे आई-वडिलांचे: घटस्फोटात वाटणी कशी मागायची?

वडिलांनी निवृत्तीचे पैसे काढून मुलीच्या फ्लॅटसाठी 12 लाख दिले. पासबुकात नोंद एवढीच: ‘एनईएफटी’, खाली जावयाचं नाव. सहा वर्षांनी घटस्फोटाची वेळ आली, की त्या एका ओळीवरून ठरवायचं असतं की ती भेट होती, उसने होते की मुलीचा घरातला वाटा. अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त होरपळतात ते आई-वडील, म्हणून त्यांच्या बाजूने आधी लिहिते.

आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून मालमत्ता आपोआप अर्धी-अर्धी होत नाही. (गोव्यात नागरी कायदा वेगळा, तिथे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर सामाईक मालकी धरतात.) फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि पैसे वेगवेगळ्या खिशांतून आले असतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 नुसार ज्याने जेवढे भरले तेवढा त्याचा हिस्सा, दोघांत वेगळा करार नसेल तर. पुरावाच नसेल तर समान हिस्सा गृहीत धरतात. म्हणून जुनी स्टेटमेंट आजच काढून ठेवा.

आई-वडिलांनी स्वतःच्या मुलीला भेट म्हणून पैसे दिले आणि ते फ्लॅटमध्ये गेले, तर तो मुलीचा वाटा, आणि मागणीही तिनेच करायची. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून काही दिलं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 लागतं, म्हणजे त्याचं काय करायचं हे घटस्फोटाचं कोर्टच ठरवू शकतं. स्त्रीधन मात्र पूर्ण तिचंच, त्यात वाटणी नाही.

उसने दिले असतील तर आई-वडील स्वतः दावा करू शकतात, पण सहसा दिवाणी न्यायालयात. कौटुंबिक न्यायालय नवरा-बायकोमधले मालमत्तेचे वाद ऐकतं. इथे मुदत फार कडक आहे. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर रक्कम दिल्या दिवसापासून 3 वर्षं. ती संपण्याआधी कर्ज कबूल असल्याचं सहीचं पत्र घेतलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. जावयाकडे असा कागद मागणं किती अवघड जातं हे मला कळतं, तरीही मागा. आणि 20 हजार किंवा जास्त रक्कम रोखीने उसनी देऊ नका, एवढं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे.

कागदपत्रं: नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा), बिल्डरच्या पावत्या, दोन्हीकडच्या बँक खात्यांचे उतारे, कर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा तक्ता, सोसायटीचं भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), आई-वडिलांनी पैसे कुठून आणले त्याचा कागद (पीएफ, मोडलेली एफडी), विवाह नोंदणी दाखला.

परस्पर संमतीने घटस्फोट असेल तर अर्ज करताना किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जासोबतच्या सहमतीच्या अटींत फ्लॅट कुणाकडे, आई-वडिलांचे किती रुपये कोणत्या तारखेला परत, हे आकड्यांसह लिहा. ‘आपसात मिटवू’ एवढ्यावर सही करू नका.

फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर हुकूमनाम्याआधी (कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशाआधी) वकिलाशी बोला. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत झालं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये (काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा). घटस्फोटानंतर ते नातंच उरत नाही, त्यामुळे सवलतही जाते. मात्र सहमतीच्या अटी कोर्टात दाखल होण्याआधी बक्षीसपत्र नोंदवू नका. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या. कोर्टाने काहीही म्हटलं तरी बँक सहकर्जदाराला स्वतःहून सोडत नाही.