एसी लावला की 'स्लो' का पडतो? कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

सिग्नलला गाडी न्यूट्रलवर उभी असते, एसी चालू असतो. 'टक्' असा कॉम्प्रेसरच्या (एसीचा वायू दाबणाऱ्या, इंजिनच्या पट्ट्यावरच्या पंपाच्या) क्लचचा आवाज येतो, स्टीअरिंग थरथरतं, हेडलाइट क्षणभर मंदावतात आणि इंजिन मान टाकतं. पद्मिनी, काँटेसा किंवा कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्राची) मारुती 800 सांभाळणाऱ्याला यापलीकडे काही सांगायची गरज नाही.

मोटारीत कारखान्यातून एसी आला तो अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या 1940 च्या मॉडेलांत. त्या कॉम्प्रेसरला क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारी-सोडवणारी कळ, नव्हता. एसी नको असेल तर बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे. भार कायमचा असल्यामुळे आयडल (रेस न देता इंजिन ज्या गतीने फिरतं ती गती) त्या भारासकट एकदा बसवलं की काम झालं. 1950 च्या दशकात विजेवर चालणारा क्लच आला, सोय झाली, पण भार येऊ-जाऊ लागला. आपलं दुखणं तिथून सुरू होतं. तिकडच्या थोरल्या व्ही-8 इंजिनांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद पुऱ्या रेसवर 40 हॉर्सपॉवरच्या आसपास. आयडलला त्यातली जेमतेम चिमूटभर हाताशी असते आणि कॉम्प्रेसर नेमका त्यातलाच वाटा मागतो. त्यातून या गाड्यांना एसी बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला, डॅशबोर्डखाली लटकणारा. कार्ब्युरेटरला त्याची खबरच नसे.

आता 'स्लो' या शब्दाकडे, म्हणजे आयडलच्या गॅरेजमधल्या नावाकडे येऊ, कारण निम्मा घोळ त्यानेच घातला आहे. गॅरेजमध्ये 'स्लो वाढवून द्या' म्हटलं की एक जण थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू आवळतो, दुसरा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवतो आणि दोघेही आपण स्लोच सेट केला असं म्हणतात. पहिला इंजिनला जास्त हवा-पेट्रोल देतो, दुसरा फक्त त्यातलं प्रमाण बदलतो. एसीच्या भारासाठी मिक्श्चर श्रीमंत करणं, त्यात पेट्रोल वाढवणं, म्हणजे प्लग काळे करणं आणि पीयूसीच्या वेळी कार्बन मोनॉक्साइडच्या 3 टक्क्यांच्या मर्यादेत अडकणं.

स्टॉप स्क्रू आवळणाऱ्यांशी माझं भांडण जास्त जुनं आहे. 'एसी लावून गाडी बंद पडत नाही ना, मग झालं' हे त्यांचं म्हणणं. पण एसी बंद असताना तीच गाडी मिनिटाला 1200-1300 फेऱ्यांवर घोंगावते, किल्ली काढल्यावरही दोन-चार आचके देत चालत राहते, आणि थ्रॉटलची पाकळी आयडलच्या छिद्रापुढे सरकून मधली छिद्रं उघडी पडल्यामुळे मिक्श्चरचा स्क्रू फिरवला तरी काही फरक पडत नाही. मग 'कार्ब्युरेटर गेला' असं निदान होतं. चांगले कार्ब्युरेटर असे भंगारात गेले आहेत.

भार आला की थ्रॉटल किंचित उघडायचा, भार गेला की मिटायचा, हे खरं उत्तर. एसीच्या मारुती 800 मध्ये हेच काम 'आयडल अप' करायचा: क्लचला करंट गेला की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम डायाफ्रामला, म्हणजे रबरी पडद्याला पोचतो आणि त्याची दांडी थ्रॉटलचा लिव्हर ओढते. जाणता मिस्त्री त्याची नळी काढून तोंडाने ओढून बघतो. दांडी आत जाऊन तिथेच थांबली तर डायाफ्राम शाबूत. हळूहळू परत आली तर तो फाटलेला; मग एसी लावताच तिथूनच हवा घुसते आणि आयडल आणखी बिघडतं.

सोलेनॉइडचा, म्हणजे करंट मिळाला की दांडा हलवणाऱ्या विजेच्या यंत्राचा घोळ वेगळा. 1970 च्या आसपास अमेरिकेत प्रदूषणाचे नियम आले, मिक्श्चर पातळ आणि आयडल चढं झालं, आणि किल्ली काढूनही इंजिन चालत राहू लागलं. त्यावर उपाय म्हणून थ्रॉटलला टेकणारा सोलेनॉइड आला, इग्निशनच्या वायरवरचा. दिसायला अगदी तसाच दुसरा सोलेनॉइड कॉम्प्रेसरच्या वायरवर असतो, तो एसीसाठी. तिसरा कार्ब्युरेटरच्या अंगातच स्लो जेटपाशी (आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रापाशी) बसतो आणि किल्ली काढली की पेट्रोल तोडतो. तिघांनाही नाव एकच. बाहेरून आणून बसवताना आणखी एक गोष्ट सुटते: यातल्या बऱ्याच सोलेनॉइडांत थ्रॉटल स्वतः ढकलण्याइतका जोर नसतो. एसी लावल्यावर पायाने हलकी रेस दिली तरच दांडा बाहेर येऊन थ्रॉटल धरून ठेवतो. हे माहीत नसलेला माणूस नवा सोलेनॉइड खराब ठरवून परत करतो.

1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारं यंत्र) आला आणि 2000 च्या सुमारास कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन. आयडल कॉम्प्युटरच्या हाती गेलं, आणि डायाफ्राम तोंडाने ओढून बघणारे हात गॅरेजमधून कमी होत गेले. त्याच काळात एसीतला आर-12 वायू जाऊन आर-134ए आला. जुन्याच कंडेन्सरवर (वायू थंड करणाऱ्या समोरच्या जाळीवर) तो भरला तर उन्हाळ्यात दाब जास्त चढतो, म्हणजे आयडलवरचा भारही वाढतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिक्श्चर पातळ पडतं आणि कार्ब्युरेटरला ते आपोआप सावरता येत नाही. म्हणून आज अशी गाडी हाती घेतली की आधी कंडेन्सर आणि पंखा बघावा, मग इंजिन गरम करून एसी बंद ठेवून आयडल आणि मिक्श्चर बसवावं, आणि आयडल अपच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी, एसी लावूनच हात घालावा.