नागीण उतारवयातच जास्त का निघते?

आजीला बहात्तराव्या वर्षी नागीण निघाली. पाठीच्या मणक्यापासून बरगडीच्या कडेने पोटापर्यंत पाण्याने भरलेले फोड, आणि नुसता पदर लागला तरी आगआग. गेरूचा लेप झाला. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, या भीतीने ती रोज आरशात पाठ बघायची. खरं तर नागीण सहसा एकाच मज्जातंतूच्या वाटेने पसरते आणि ती वाट शरीराच्या मध्यरेषेशी संपते. विळखा पुरा होतच नाही.

हा विषाणू कांजिण्यांचाच. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासून १९६५ मध्ये मांडलं, की वयाबरोबर त्याच्यावरचा पहारा ढिला पडतो.

हा पहारा टी पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा. त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसू लागते, तिच्या जागी चरबी साठते. नवी भरती जवळपास थांबते, आणि जुन्या पेशीही वयाबरोबर थकत जातात.

मला सर्वांत चकित करते ती याची दुसरी बाजू. पहारा ढिला पडतो तेव्हाच अंगातला दाह, म्हणजे जंतूंशी लढताना शरीर आत पेटवतं ती सूज, मात्र वाढतो. विभाजन थांबलेल्या, पण मरतही नसलेल्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. पोटावरची चरबी त्यात भर घालते. चुलीतल्या ओल्या लाकडासारखं हे धुमसणं रक्तवाहिन्या पोखरतं. इटलीचे संशोधक क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० मध्ये या दाहाला 'इन्फ्लमेजिंग' (वार्धक्याचा दाह) असं नाव दिलं. मग तो विझवून टाकावा का? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांना दाह रोखणारं एक औषध देऊन पाहिलं गेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटलं, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. जंतूंशी लढायलाही हीच आग लागते.

म्हाताऱ्या माणसाला तर न्यूमोनियातही कधीकधी ताप चढत नाही. जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरचे ते वयावर ढकलतात. अशा वेळी डॉक्टरांना लगेच दाखवा.

नागिणीवर आता दोन मात्रांची लस आहे. सुस्तावलेल्या पेशींना डिवचणारा एक पूरक घटक तिच्यात मुद्दाम घातलेला असतो. सत्तरी ओलांडलेल्यांमध्येही चाचणीत तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. भारतात ती २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर घेता येते. आजीच्या वेळी ती नव्हती. फोड तीन आठवड्यांत सुकले, ठणक दीड वर्ष राहिली.