कपडे आमच्याकडे, तुम्ही कॅम्पात

पँटची उंची, कंबर, शर्टाच्या बाह्या, साडीचा फॉल-पिको ही कामं आम्ही पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या दुकानात त्याच दिवशी करून देतो. साधारण दोन तास धरा. ब्लेझरची बाही मात्र दोन दिवसांच्या आत होत नाही. ती मनगटाशी कापली तर बटणांची रांग बिघडते, म्हणून पुष्कळदा खांद्यापासून अस्तरासकट उसवावी लागते. जीन्सची मूळ शिलाई राखायची असेल तर कात्री लागायच्या आधी सांगा. आणि माप द्यायला येताना जे बूट घालणार असाल तेच घालून या. चपलेवर माप द्यायचं, पुढे टाचेचे बूट घालायचे आणि पँट आखूड झाली म्हणून आम्हाला बोल लावायचा, हा प्रकार नेहमीचा आहे.

दुकानात बाक एकच. तोही बहुधा कुणाच्या तरी सासूबाईंनी अडवलेला असतो. तेव्हा पावती खिशात टाका आणि पायी निघा. गाडी हलवू नका. इथल्या एकेरी रस्त्यांवर ती पुन्हा लावायला जागा शोधण्यातच दोन तास जातील.

सकाळी आला असाल तर आधी कयानी बेकरी. दुपारी शटर खाली येतं, मग कितीही ओळख सांगा. श्रूसबेरी बिस्किटांसाठी रांग असते, पण ती भराभर सरकते. आमच्या मते मावा केक जास्त चांगला. आमच्या कारागिरांना हे मान्य नाही. वेफर्स बुधानींकडे, सँडविच मार्झोरिनमध्ये, हे पुणेकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र जरूर सांगा.

पोटभर जेवायचं तर दस्तूर मेहेर रोडवर दोराबजी आहे, 1878 पासूनचं. धानसाक, म्हणजे पारशी पद्धतीचं डाळ-मटण, तिथे खावं. एक लक्षात ठेवा : पारशी घरांत धानसाक शुभप्रसंगी करत नाहीत, कारण घरात मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी ते करायची रीत आहे. त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांच्या नववर्षाला कुणाकडे जेवायला बोलावलं, तर धानसाकाची आशा धरू नका.

जेवण जिरवायला मोलेदिना रोडवरचं लाल देऊळ. आपण देऊळ म्हणतो, आहे ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1867 साली पूर्ण झालेलं. बांधणारे डेव्हिड ससून. म्हणजे ज्यांच्या देणगीतून आपलं ससून रुग्णालय उभं राहिलं तेच. त्यांची कबरही याच आवारात आहे. आत जायला आधी परवानगी लागते, पण लाल विटांचा उंच मनोरा आणि त्यावरचं घड्याळ रस्त्यावरूनही छान दिसतं. ससून मूळचे बगदादचे. रास्ता पेठेतलं 1921 सालचं दुसरं प्रार्थनास्थळ बेने इस्रायलांचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावं गावावरून, शेवटी ‘कर’ लावलेली.

क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची गोष्टही अशीच आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी 1792 मध्ये जागा दिली. म्हणजे 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी पडली त्याच्या आधीची ही वस्ती. छावणीमागोमाग मग पारशी, बोहरी, तमिळ असे सगळेच आले, आणि कॅम्प झाला.

बाबाजान चौकात हजरत बाबाजान या सूफी संत बाईंचा दर्गा अगदी रस्त्याला लागून आहे. बाबाजान तिथल्या कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं बसत. 1931 साली त्या गेल्या. दर्शनाला कुणीही जावं, डोक्यावर रुमाल असावा. रमजानमध्ये संध्याकाळी याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात. तेव्हा जेवून येण्याचा मूर्खपणा करू नका.

मुलं कंटाळली असतील तर रिक्षा करून एम्प्रेस गार्डन गाठा. तिथल्या जाडजूड वेलींवर मुलं रमतात, आणि जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं. 31 डिसेंबरच्या संध्याकाळी मात्र कपडे टाकायला येऊ नका. एम. जी. रोडवर इतकी गर्दी लोटते की तुम्ही आमच्यापर्यंत पोचणार नाही. नुसतं फिरायला या.

कपडे नेताना पावती दाखवावी आणि ट्रायल दुकानातच घ्यावी. घरी जाऊन ‘जरा सैल वाटतं’ असा फोन केलात तरी कंबर फोनवर आवळता येत नाही. ट्रायलच्या आधी हात धुवावेत. नळ मागच्या बाजूला आहे.